संगणकावर नेटके, मोबाइलवर विस्कटलेले : संकेतस्थळाच्या मांडणीमागील नियम

नवी दिल्ली : संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना संकेतस्थळावर चढवली जाते. कार्यालयातील संगणकावर पान नेटके दिसते. शीर्षक एका ओळीत, डावीकडे छायाचित्र, उजवीकडे दिनांक व स्थळ, खाली नोंदणीचे बटण. अर्ध्या तासात सभासदांचे दूरध्वनी सुरू होतात. मोबाइलवर दिनांक छायाचित्राखाली दडला आहे, बटणाचा अर्धा भाग पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेला आहे आणि शीर्षकातील वेलांट्यांचे शेंडे कापले गेले आहेत. पान तेच, मजकूर तोच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते माउसने ओढून-सोडून तयार केले, त्याच्या पडद्यावर तर काहीच चुकलेले नव्हते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांपासून ग्रंथालये, पतसंस्था, शाळा आणि लहान उद्योगांपर्यंत अनेक ठिकाणी संकेतस्थळाचे काम आज प्रोग्रामरकडे नसते. ते कार्यालयातील एखाद्या उत्साही सदस्याकडे असते. चौकटी, चित्रे आणि अक्षरे पडद्यावर प्रत्यक्ष मांडून पान तयार करू देणारी दृश्य रचना सॉफ्टवेअर त्याच्या मदतीला असतात आणि काही तासांत देखणे पान हाती देतात. अडचण येते ती पुढे, पानात बदल करताना. तिचे मूळ बहुधा एकाच गैरसमजात असते : पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजेच पान.

वास्तविक संकेतस्थळाचे पान म्हणजे मजकूर आणि त्याला लागू होणारे नियम. हे नियम सीएसएस या भाषेत लिहिलेले असतात. वाचकाच्या उपकरणातील ब्राउझर ते वाचतो आणि त्या उपकरणाच्या रुंदीनुसार पान दर वेळी नव्याने मांडतो. छापखान्यातून निघालेल्या हजार प्रती एकसारख्या असतात. संकेतस्थळाच्या हजार वाचकांसमोरची मांडणी मात्र तितक्याच वेळा स्वतंत्रपणे घडते. दृश्य सॉफ्टवेअर दाखवते ते यांपैकी एका रुंदीवरचे उदाहरण.

१९९१ मध्ये युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत खुले झालेले पहिले संकेतस्थळ निव्वळ मजकुराचे होते. खिडकी लहान केली की ओळी आपोआप लहान होत. म्हणजे आज जे साधण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तो गुण वेबमध्ये उपजतच होता. तो गेला छापील पानाच्या सवयीमुळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर रचनाकारांनी तक्त्यांच्या अदृश्य चौकटी आणि एका पिक्सेलची पारदर्शक चित्रे वापरून पान जागच्या जागी खिळवून ठेवण्याचे तंत्र रूढ केले. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये व्हर्मीअर टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकत घेऊन फ्रंटपेज आपल्याकडे आणले आणि १९९७ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर बाजारात आले. एचटीएमएल न शिकता पान तयार करण्याचा मार्ग त्यामुळे अनेकांना खुला झाला. मात्र ते पान बहुधा ठरावीक रुंदीचे असे. पुढे १०२४ पिक्सेल रुंदीचे मॉनिटर सर्वत्र दिसू लागल्यावर ९६० हा आकडा जवळजवळ प्रमाण मानला गेला. २, ३, ४, ५, ६, ८, १२ अशा अनेक संख्यांनी त्याला निःशेष भाग जातो, एवढेच त्यामागचे रहस्य होते.

२००७ मध्ये आयफोन आला. त्याचा पडदा जेमतेम ३२० पिक्सेल रुंद. त्यातील सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते आखडून दाखवत असे. वाचकाने दोन बोटांनी मोठे करून वाचावे. हे गृहीतक अजूनही पूर्णपणे मोडीत निघालेले नाही. उपकरणाची खरी रुंदी वापरण्याची सूचना देणारी ‘व्ह्यूपोर्ट’ नावाची एक ओळ पानात नसेल, तर आजचा फोनही पान तसेच आखडून दाखवतो. नवी साधने ती ओळ स्वतःहून घालतात. जुन्या साधनांत तयार झालेल्या पानांत ती अनेकदा नसते आणि ‘मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा तेवढेच असते.

टक्केवारीचे सूत्र

काही काळ मोठ्या संस्थांनी मोबाइलसाठी वेगळी संकेतस्थळे चालवली. दोन्हीकडे तोच मजकूर अद्ययावत ठेवणे दुप्पट खर्चाचे होते आणि टॅब्लेट आल्यावर तिसरी आवृत्ती काढायची का, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकी रचनाकार ईथन मार्कॉट यांनी २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या ऑनलाइन नियतकालिकात लेख लिहून त्यावर उपाय मांडला आणि त्याला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’, म्हणजे प्रतिसादशील रचना, असे नाव दिले. आतील माणसांच्या वावरानुसार स्वतःत बदल करणाऱ्या वास्तूंची कल्पना वास्तुकलेत त्या वेळी चर्चेत होती. नाव तेथून आले. सप्टेंबर २०११ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाचे संकेतस्थळ या पद्धतीने नव्याने घडवले गेले आणि मोठ्या वृत्तसंस्थळालाही ती पेलते, हे दिसून आले.

मार्कॉट यांची पद्धत तीन घटकांवर उभी आहे : लवचीक जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी. जाळीचे गणित शालेय आहे. ९६० पिक्सेलच्या पानात ३०० पिक्सेलचा रकाना असेल, तर ३०० ला ९६० ने भागायचे, उत्तर ३१.२५ टक्के. आता रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये न सांगता टक्क्यांत सांगितली, की पान रुंद-अरुंद झाले तरी प्रमाण टिकते.

पण प्रमाण टिकले म्हणजे वाचनीयता टिकतेच असे नाही. अनेक अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर आडवे १०८० ठिपके असले, तरी तीन ठिपक्यांना एक एकक मानून ब्राउझर त्याची रुंदी ३६० पिक्सेल धरतो. तिच्या ३१.२५ टक्के म्हणजे ११२.५ पिक्सेल. एवढ्या जागेत ‘कार्यकारिणीमार्फत’ हा एक शब्दही धड मावत नाही. म्हणून तिसरा घटक लागतो. मीडिया क्वेरी म्हणजे अट घातलेला नियम : रुंदी अमुक पिक्सेलपेक्षा कमी असेल, तर तीन रकान्यांऐवजी एकच ठेवावा. ज्या रुंदीवर मांडणी बदलते, तिला ब्रेकपॉइंट म्हणतात.

त्यानंतर सीएसएस पुष्कळ पुढे गेली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरमध्ये ‘ग्रिड’ ही सोय अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आली. तिच्यामुळे ‘रकाना किमान २४० पिक्सेलचा असावा, जागा असेल तितके शेजारी बसावेत, उरलेले खाली उतरावेत’ असा एकच नियम पुरेसा ठरतो. मधले अंतर हिशेबात न धरल्यास १२०० पिक्सेलच्या पडद्यावर पाच रकाने, ३६० च्या फोनवर एक. ब्रेकपॉइंट एकही नाही. फेब्रुवारी २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये ‘कंटेनर क्वेरी’ही चालतात. त्यांत अट संपूर्ण पडद्याच्या रुंदीवर नव्हे, तर तो भाग ज्या चौकटीत बसला आहे तिच्या रुंदीवर असते. बातमीची तीच चौकट मुख्य पानावर ऐसपैस आणि बाजूच्या पट्टीत आटोपशीर दिसू शकते.

वरून खाली वाहणारे नियम

हे नियम माउसच्या हालचालीतून तयार करणे, हे दृश्य सॉफ्टवेअरचे काम. ते कोणत्या पद्धतीने करायचे, याबाबत साधनासाधनांत मोठा फरक आहे.

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत निर्देशांकांची. वस्तू ओढून ठेवली, की डावीकडून आणि वरून किती अंतरावर ती आहे, याची नोंद होते. छापील पत्रक तयार करणाऱ्याला ती लगेच जमते. पण शीर्षक एका ओळीचे दोन ओळींचे झाले, तर खालच्या वस्तूला त्याची खबर नसते. ती जागची हलत नाही आणि दुसरी ओळ तिच्याखाली जाते.

वेबफ्लोसारख्या साधनांत पान चौकटींच्या आत चौकटी असे बांधावे लागते. सुरुवातीला ते जिकिरीचे वाटते. मात्र तेथे वरची चौकट वाढली की खालची आपोआप सरकते, कारण ब्राउझरही पान असेच मांडतो. वेबफ्लोमध्ये मूळ मांडणी संगणकाच्या पडद्याची असते. ९९१ पिक्सेलपासून खाली टॅब्लेटचे, ७६७ पासून आडव्या मोबाइलचे आणि ४७८ पासून उभ्या मोबाइलचे नियम लागू होतात. मूळ नियम वरून खाली वाहतो आणि एखाद्या पायरीवर वेगळे काही सांगितले असेल, तर तेथून पुढे ते चालते. २०११ मध्ये ट्विटरमधून बाहेर आलेली बूटस्ट्रॅप ही लोकप्रिय चौकट नेमकी उलट्या दिशेने जाते. तिच्यात मोबाइलची मांडणी मूळ असते आणि ५७६, ७६८, ९९२ अशा रुंदींवर भर पडत जाते. ज्यांचे बहुतांश वाचक फोनवर आहेत, त्यांच्यासाठी ही दुसरी दिशा अधिक सुरक्षित ठरते : सर्वांत अडचणीच्या जागेचा विचार आधी होतो.

फिग्माचा प्रकार थोडा निराळा आहे. ते मुळात रचना आखून प्रोग्रामरकडे सोपवण्याचे साधन. २०१९ च्या अखेरीस त्यात आलेल्या ‘ऑटो लेआउट’मुळे आखणीतल्या चौकटीही मजकुरानुसार वाढू-आखडू लागल्या. २०२५ मध्ये कंपनीने आखणीतून थेट संकेतस्थळ प्रसिद्ध करण्याची सोय जाहीर केली, तेव्हा त्यातून निघणाऱ्या एचटीएमएलच्या दर्जावर सुगम्यता क्षेत्रातील जाणकारांनी टीका केली. चित्र हुबेहूब उतरले होते. शीर्षक हे शीर्षक आहे आणि बटण हे बटण आहे, हे सांगणारी खूण मात्र पुरेशी नव्हती.

बदल करताना घोळ होतो तो या वाहणाऱ्या नियमांमुळे. प्रथम पान तयार करताना कोणीतरी मोबाइलच्या दृश्यात जाते, छायाचित्राखाली मोकळी जागा दिसते, म्हणून दिनांकाची चौकट हाताने चाळीस पिक्सेल वर ओढते. सॉफ्टवेअर निमूटपणे ऋण अंतराचा नियम नोंदवते. त्या दिवशी पान सुरेख दिसते. सहा महिन्यांनी दुसरे कोणीतरी अधिक उंच छायाचित्र चढवते. मोकळी जागा उरलेली नसते, पण चाळीस पिक्सेलचा नियम जागेवर असतो. दिनांक छायाचित्राखाली जातो तो असा. बटणाचे कारण आणखी साधे असते : संगणकाच्या दृश्यात कोपरा धरून ते ताणले गेले आणि रुंदी ४२० पिक्सेल अशी पक्की झाली. ३६० च्या पडद्यावर उरलेले साठ पिक्सेल बाहेरच जाणार. तेथे ‘जागेच्या शंभर टक्के, कमाल ४२०’ असे लिहायला हवे होते आणि बहुतेक साधनांत त्यासाठी ‘कमाल रुंदी’ हा रकाना अगदी शेजारीच असतो.

याहून घातक सवय दोन प्रती ठेवण्याची. मोबाइलवर एखादा भाग नीट बसत नाही, म्हणून त्याची वेगळी प्रत तयार केली जाते. एक फोनवर लपवली जाते, दुसरी संगणकावर. वर्षभराने सभेची तारीख बदलताना संगणकावरची प्रत सुधारली जाते आणि लपलेल्या प्रतीत गतवर्षीची तारीख तशीच राहते. पान दुरुस्त करणारा संगणकासमोर बसलेला असतो. त्याला ती दिसतच नाही. लपवलेली चित्रेही बहुधा वाचकाच्या डेटातून उतरवली जातातच, हा वरचा भुर्दंड.

मजकुराचे आकडे आणि तारखा एकाच ठिकाणी साठवून पानावर त्या आपोआप भरण्याची व्यवस्था अनेक साधनांत आहे. वर्डप्रेसमध्ये ती मुळातच आहे आणि डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून तिचा संपादकही ठोकळ्यांवर आधारित दृश्य पद्धतीचा झाला. वरचेवर बदलणाऱ्या पानांसाठी सुबक रचनेपेक्षा या व्यवस्थेचे मोल अधिक आहे.

देवनागरीची कसोटी

मराठी संकेतस्थळांवर आणखी एक ओझे असते. या साधनांतील तयार नमुने बहुतांशी रोमन लिपी समोर ठेवून आखलेले असतात. त्यांत भरलेला नमुना मजकूर लॅटिन असतो, शब्द लहान असतात आणि ओळींची उंची अक्षराच्या १.२ पटीपर्यंत आवळलेली चालून जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असा दुमजली पसारा असतो. शीर्षकाच्या चौकटीची उंची पक्की केली आणि बाहेर जाणारा भाग लपवण्याचा नियम लावला, की वेलांटीचा शेंडा उडतो. ओळीची उंची दीड पटीच्या आसपास ठेवणे आणि चौकटीची उंची मजकुरावर सोडून देणे, हा त्यावरचा साधा इलाज.

इंग्रजी नमुन्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये हौसेने अंतर सोडलेले असते. तोच नियम मराठी शीर्षकाला लागू झाला, की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसू लागतो. ते अंतर शून्यावर आणावे लागते. नमुन्यातील फाँटमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर उपकरणातील दुसरा फाँट वापरतो. त्याची रुंदी आणि उंची वेगळी असल्याने एकाच पानाची मांडणी दोन फोनांवर दोन प्रकारची होते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू यांसारखे देवनागरी आणि रोमन एकत्र सांभाळणारे मोफत फाँट उपलब्ध असल्याने ही अडचण आज टाळता येण्याजोगी आहे. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे उमटतात. नोंदवली नाही, तर हिंदी वळणाची येतात. ही नोंद साधनाच्या सेटिंगमध्ये एकदाच करायची असते आणि तरीही ती फार ठिकाणी इंग्रजीच राहिलेली आढळते.

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘महानगरपालिकेच्या’, ‘अर्थसंकल्पासंदर्भात’ असे शब्द अरुंद चौकटीबाहेर सहज डोकावतात, कारण ब्राउझर ओळ मुख्यतः शब्दांमधल्या जागेवर तोडतो. लांब शब्द गरजेपुरता तोडण्याची परवानगी देणारा नियम आहे, पण तो शेवटचा उपाय म्हणूनच बरा. त्यापेक्षा सुरुवातीलाच रचना खऱ्या मराठी मजकुरावर, शक्यतो सर्वांत लांब शीर्षकावर, तपासणे श्रेयस्कर.

या सगळ्यावर तोडगा म्हणून अनेक संस्था सूचनेचे रंगीत पत्रकच चित्र म्हणून चढवतात. व्हॉट्सॲपवर फिरवलेले तेच पत्रक संकेतस्थळावर येते. अक्षरे कापली जात नाहीत हे खरे. पण फोनवर चित्र आखडते तसा मजकूरही आखडतो, शोधयंत्राच्या हाती तो सहजी लागत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचन सॉफ्टवेअरला तेथे बहुधा ‘चित्र’ एवढाच शब्द मिळतो.

सुगम्यतेच्या दृष्टीने मोजमाप उपलब्ध आहे. जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पान ३२० पिक्सेल रुंदीवर आडवे सरकवावे न लागता वाचता आले पाहिजे. नकाशे, मोठे तक्ते यांना त्यात सूट आहे. हा आकडा केवळ लहान फोनसाठी नाही. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर मंद दृष्टीच्या वाचकाने पान ४०० टक्के मोठे केले, की त्याच्यासाठी उपलब्ध रुंदी ३२० च उरते. संगणकावरही मोबाइलची मांडणी कामी येते ती अशी. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली. २०२३ मधील त्यांची तिसरी आवृत्ती याच आंतरराष्ट्रीय निकषांशी जुळवलेली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या व्यवस्थेत जिल्ह्यांची संकेतस्थळे तयार साच्यांतून उभी केली जातात, त्यामुळे मांडणीचे नियम प्रत्येक जिल्ह्याला नव्याने लिहावे लागत नाहीत. खासगी संस्थांना या तत्त्वांचे थेट बंधन नसले, तरी ३२० पिक्सेलची चाचणी कोणालाही करता येते : ब्राउझरची खिडकी किंवा साधनातील पूर्वदृश्याची कड धरून ती सर्वांत रुंद स्थितीपासून सावकाश आत आणायची. ठरलेल्या तीन-चार रुंदींवर नव्हे, तर त्यांच्या मधल्या पट्ट्यात मांडणी कोठे फुटते, हे पाहायचे असते.

साधन बंद पडते तेव्हा

अडोबीने २०१२ मध्ये म्यूझ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. एकही ओळ न लिहिता, छपाईच्या इनडिझाइनसारख्या सवयींनी संकेतस्थळ घडवता येईल, हे त्याचे आश्वासन होते. सुरुवातीला त्यात संगणक, टॅब्लेट आणि फोन यांच्या मांडण्या वेगवेगळ्या कराव्या लागत. २०१६ मध्ये ब्रेकपॉइंटसह प्रतिसादशील रचना आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, कंपनीने विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि २६ मार्च २०२० रोजी साहाय्यही संपले.

म्यूझमधून निघालेली पाने त्या दिवशी बंद पडली नाहीत. ती साधी एचटीएमएल पाने होती. सर्व्हरवर चालतच राहिली. अडकले ते बदल. मूळ रचना म्यूझच्या स्वतःच्या फाइलमध्ये होती आणि ती फाइल दुसरे साधन उघडत नव्हते. बाहेर निघालेले एचटीएमएल यंत्राने लिहिलेले, त्यामुळे हाताने दुरुस्त करायला किचकट; शिवाय बाहेरचे एचटीएमएल म्यूझ परत आत घेत नसे. ज्यांनी जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर जपून ठेवले, ते काही काळ काम चालवू शकले. बाकीच्यांना पाने नव्याने बांधावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेजनेही अशीच वाट धरली होती. त्याची २००३ ची आवृत्ती शेवटची ठरली.

आजच्या साधनांत ही जोखीम कमी-अधिक प्रमाणात आहे. विक्सवर बांधलेले संकेतस्थळ बाहेर काढून दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही. वेबफ्लोच्या सशुल्क योजनांत एचटीएमएल व सीएसएस उतरवून घेता येते, पण साठवलेल्या नोंदी आपोआप भरणारी पाने आणि अर्ज तेथे चालत नाहीत. नोंदी तक्त्याच्या रूपात वेगळ्या काढाव्या लागतात. वर्डप्रेस मुक्त स्रोत असल्याने सर्व्हर बदलता येतो, मात्र त्यावर बसवलेल्या एखाद्या पेज बिल्डरने घडवलेली मांडणी तो बिल्डर काढताच विस्कटते. म्हणून करार करतानाच डोमेन नाव संस्थेच्या नावावर नोंदवून घेणे, मूळ आकारातील छायाचित्रे आणि मजकुराची साधी युनिकोड प्रत वेगळी जपणे, कोणत्या ब्रेकपॉइंटवर कोणते नियम लावले याची एक पानी नोंद पुढच्या माणसासाठी ठेवणे, एवढी कामे साधन कोणतेही निवडले तरी करावी लागतात. संस्थेत संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती दर दोन-तीन वर्षांनी बदलते आणि अशा वेळी चाळीस पिक्सेलचा तो नियम कोणी आणि का लावला, हे सांगायला बहुधा ती नोंदच उरलेली असते.